कपाट आवरतेस त आधी हे पाह्य
ताई, सगळं कपाट एकाच दिवशी पलंगावर काढू नको, संध्याकाळी वैतागून तसंच कोंबून ठेवशीन. आधी फक्त साड्या घे. मागच्या पोळ्यापासून जी अंगाले लागलीच नाई ती बाजूला, धड असन त कोणाले दे, फाटली असन त गोधडीले. पण जुने फुल बाह्यांचे शर्ट फेकू नको बाप्पा, कापूस वेचाले तेच लागतात, बोंडाच्या टोकानं हात ओरबाडते. नवीन घेताना मे महिना आठव, आपल्याकडे पारा ४५ वर जाते आन् पॉलिस्टर घाम शोषतच नाई, म्हणून सुतीच पाह्य, थोडं ढिलं घे, पहिल्या धुण्यात आटते. लग्नसराईतली भारी साडी? जावेची मागून नेस, तिले तुझी दे.