व्यालेल्या गाईला गूळ-भरडा वाढवला की साखर मिळून दूध वाढतं का?

गूळ खाल्ला की साखर रक्तात, हे तुमचं-माझं. गाईचं तसं नाही. वैरण असो, भरडा असो, गूळ असो, कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, जंतू ते आधी आंबवतात आणि अ‍ॅसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं करतात. गाईची ७० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा यातूनच येते. प्रोपिओनिकपासून यकृत साखर बनवतं, तिचं कासेत लॅक्टोज होतं, आणि दूध किती लिटर ते लॅक्टोजवर ठरतं. दुधातल्या फॅटला अ‍ॅसिटिक लागतं, ते मुख्यतः वैरणीतून. वैरण कमी करून भरडा ओतणाऱ्यांचं फॅट लागत नाही ते म्हणून.

हे मी शिकलो बहिणीच्या हळदीला. आमचा गोठा घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. आता तिथे टॉवर आहे. हळदीचा उरलेला भात काकांनी घमेलं भरभरून आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईपुढे ठेवला. "खाऊदे, लक्ष्मी आहे." मी नको म्हटलं, तर पाहुण्यांसमोर मला गप्प केलं. सकाळी रवंथ बंद, दात करकर खातेय, शेण पातळ, आंबूस. डाव्या कुशीवर मूठ दाबली की आत पाण्यासारखं खळखळत होतं. डॉक्टरांनी नळी घातली तसा अख्खा गोठा आंबट वासाने भरला. भाताचा स्टार्च झपाट्याने आंबून लॅक्टिक आम्ल झालं होतं. खाण्याचा सोडा पाजला, सलाईन लावलं. गाय वाचली, पण १४ लिटरची ४ वर आली आणि त्या वेतात परत चढलीच नाही. वर काका म्हणतात, हळदीला आलेल्या कुणाचीतरी नजर लागली!

तर भरडा वाढवा, पण दोन-तीन आठवड्यांत, थोडा थोडा, आणि आधी वैरण. रवंथ झाला की लाळ सुटते, आणि लाळेतच आम्ल मारणारा सोडा असतो. आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात, मूठभर गुळाने काही बिघडत नाही.

हां, एक राहिलं. व्याल्यावर दूध चढतं तेवढं खाणं चढत नाही, गाय अंगातली चरबी जाळते. ती खाणं टाकून झपाट्याने वाळायला लागली, तोंडाला गोडसर वास आला, तर किटोसिस, म्हणजे चरबी जास्त जळल्याने होणारा आजार, असू शकतो. तिथे साखर लागतेच, पण शिरेतून, डॉक्टरांकडून. काकांना हे एवढंच ऐकू आलं. "बघ, डॉक्टरपण साखरच देतात," असं परवा साखरपुड्यात सगळ्यांना सांगत होते.