बँड सोडू का, असं विचारणारा गिटारिस्ट

कलाक्षेत्रातली तिशीतली माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "इतकी वर्षं घातली, आता टिकून राहू की सोडू?" नट विचारतात, नर्तक विचारतात, चित्रकारही विचारतात. बँडमध्ये वाजवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र गुंता जास्त असतो. पोटापाण्याचं काम, दोस्ती आणि कला हे सगळं त्याच चार जणांबरोबर चालतं, त्यामुळे आपण नेमके कशाला वैतागलोय हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही.

असाच एक गिटारिस्ट माझ्याकडे आला. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ३४. पॉप-रॉक बँडमध्ये लीड गिटार, कॉलेजपासून त्याच मित्रांबरोबर. एक गाणं बऱ्यापैकी गाजलेलं. तक्रारी अशा: शो झाला की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, स्टेजवर जाताना छातीत धडधडतं, गायकाचं तोंड बघवत नाही. "मॅडम, मी पार संपलोय असं वाटतं. आणि या वयात दुसरं काय करणार?"

बोलताना तो डाव्या हाताच्या बोटांची टोकं अंगठ्याने चाचपत होता. तारा दाबून दाबून तिथे घट्टे पडलेले. मी सहज विचारलं, "शेवटचा सराव कधी केलास?" तो जरा चमकलाच. "आज सकाळी. रोजच करतो की." हे मी वहीत टिपून ठेवलं. वाजवण्यालाच विटलेला माणूस कोणी सांगितलेलं नसताना सकाळी उठून मेट्रोनोम (ठेका मोजून देणारं यंत्र) लावत नाही.

झोपेबद्दल खोदून विचारलं, तेव्हा कळलं की शोनंतर कानात बारीक शिट्टी वाजत राहते, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. याचा त्याने कधी उल्लेखच केला नव्हता. बँडमध्ये सगळ्यांनाच होतं म्हणे. इथे समुपदेशन बाजूला ठेवून मी त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. कामाच्या जागी ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज दिवसाला आठ तास, ही अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने शिफारस केलेली मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रमच्या मध्ये उभं राहणाऱ्याचा शो १५ मिनिटांत संपत नाही. 'द हू' या रॉक बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड आपल्या ऐकण्याच्या त्रासाबद्दल वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलत आला आहे, तरी तरुण वादकांना इअरप्लग म्हणजे कमीपणा वाटतो. तपासणीत थोडं नुकसान दिसलं. वेळेवर कळलं, एवढंच समाधान. मनाच्या खात्यावर टाकलेला निम्मा त्रास कानाचा होता.

उरलेला त्रास मात्र मनाचाच होता. मी त्याला एक साधं काम दिलं: प्रत्येक शोनंतर 'आज काय टोचलं' ते दोन ओळींत लिहायचं. गर्दी कमी होती, आवाज बिघडला, तार तुटली, असं काही त्या नोंदींत नव्हतंच. निवेदक गाजलेल्या गाण्याची ओळख गायकाचं नाव घेऊन करून द्यायचा, तेवढं टोचायचं. त्या गाण्याची सुरुवात याच्या गिटारच्या रिफने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीने होते. खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून त्याने मला ती गुणगुणून दाखवली. लोक शब्दांच्या आधी तीच गुणगुणतात. पण संगीतकार म्हणून सगळीकडे नाव एकट्या गायकाचं. गाणं नोंदवलं तेव्हा याने "असू दे रे" म्हणून सोडून दिलं होतं.

"अँडी समर्सचं काय झालं माहीत आहे ना?" त्याने मला विचारलं. 'द पोलीस' या बँडचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गाणं अख्ख्या जगाला माहीत आहे ते त्यातल्या गिटारमुळे, आणि ती गिटार समर्सची. श्रेय मात्र बँडचा गायक स्टिंग याचं एकट्याचं. मी म्हटलं, "माहीत आहे. आणि समर्स 'द पोलीस'मध्ये आला १९७७ मध्ये, ३४ वर्षांचा असताना. तुझ्याच वयाचा." तो हसला. खरं सांगायचं तर नामवंतांच्या उदाहरणांवर माझा फारसा भरवसा नाही. गिटारिस्ट ब्रायन मे याने 'क्वीन' या आपल्या बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली, हा किस्सा आईवडील आणि मुलं दोघंही आपापल्या सोयीने मला ऐकवतात. पण वयाचा बागुलबुवा त्या दिवशी तरी थोडा मागे सरला.

आता मुद्दा हातात आला होता. वैताग गिटारचा नव्हता, मैत्रीचाही पूर्णपणे नव्हता. कधीच न बोललेल्या वाटणीचा होता. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा आणि शोचं मानधन वेगळं. मानधन समान वाटलं की सगळं समान झालं असं बँडमध्ये धरून चालतात, पण रचनेचे पैसे ज्याचं नाव त्यालाच मिळतात. सुरावट आणि शब्द म्हणजे रचना, हे सहसा सगळे मान्य करतात; रिफ, सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा), मांडणी (कुठलं वाद्य कुठे, कसं वाजणार) यांत किती रचना आणि किती साथ, यावर कायमचे वाद. म्हणून काही बँड ते आधीच मिटवून टाकतात. 'आर.ई.एम.' या बँडने गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर ठेवलं. 'क्वीन'नेही १९८९ च्या अल्बमपासून वैयक्तिक नावांऐवजी बँडचं नाव लावलं. हा मोठेपणाचा भाग असेलही, पण शहाणपणाचा जास्त आहे. रोज एका गाडीत बसायचं तर हिशेब स्पष्ट हवा.

पुढच्या भेटींत आम्ही फक्त बोलण्याची तालीम केली. मी गायक झाले. त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही मला कधी किंमतच दिली नाही." मी गायकाच्या भूमिकेत ताडकन उत्तर दिलं आणि तीन वाक्यांत आमचं भांडण जुंपलं. घासूनपुसून उरलं ते असं: "त्या गाण्याची सुरुवात मी केली होती, तालमीचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत, जुन्या गाण्याबद्दल आणि पुढच्या गाण्यांच्या वाटणीबद्दल." वेळही ठरवली. शोच्या रात्री नाही, प्रवासात नाही, दारूच्या टेबलावर तर नाहीच. आणि बँड सोडण्याचा निर्णय हे बोलणं होईपर्यंत घ्यायचा नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

बैठक झाली. गायक म्हणाला, "तू कधी बोलला नाहीस, मला वाटलं तुला त्यात रसच नाही." हे पूर्ण खरं असेल असं मला वाटत नाही, माणसाला सोयीचं असतं ते त्याला लवकर वाटतं. पण पुढच्या गाण्यांसाठी लेखी वाटणी ठरली: शब्द आणि सुरावट ज्याची त्याची, मांडणीचा हिस्सा चौघांत सारखा. आश्चर्य म्हणजे सगळ्यात जास्त आग्रह बासवादकाने धरला. त्याच्याही मनात हेच साचलेलं होतं.

छातीतली धडधड पूर्ण गेलेली नाही, पण मोठ्या शोपुरती उरली आहे, आणि तेवढी बहुतेक वादकांना असतेच. आठवड्यातले दोन दिवस तो आता इतरांसाठी स्टुडिओत वाजवतो, म्हणजे सगळा भार एका बँडवर राहत नाही. जुन्या गाण्याचं श्रेय अजून तसंच आहे. त्यासाठी वकिलाकडे जायचं की नाही हे त्याचं ठरलेलं नाही, आणि मीही घाई केलेली नाही. इअरप्लग मात्र तो न चुकता घालतो, आणि ड्रमरलाही घालायला लावले आहेत.