पिवळा रंग भरण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नगररचनेत रुजू झालीस आणि पहिल्याच महिन्यात विकास आराखड्याचं काम हातात आलं, हे वाचून फार बरं वाटलं. घरंही हवीत आणि शेतीही राहायला हवी, मग बाजू कुणाची घ्यायची, असं तू विचारलंयस. तुझ्या वयात मला हा प्रश्न पडलाच नव्हता, म्हणून आधी माझी चूक सांगतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वसईच्या पश्चिम पट्ट्यात विद्यमान भूवापर नकाशासाठी, म्हणजे कुठली जमीन आज कशासाठी वापरात आहे ते टिपायला, फिरत होतो. एका वाडीमागे शेवाळलेलं डबकं दिसलं. ‘खड्डा, पडीक’ अशी नोंद करून मी पुढे गेलो. ते बावखल होतं. किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत खाली खारं पाणी असतं आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. हा थर टिकावा म्हणून जुन्या माणसांनी खोदलेली ही तळी. पावसाळ्यात बावखल भरतं, हळूहळू जिरतं आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. काही वर्षांनी तिथे भराव पडला, इमारत उभी राहिली. पुन्हा गेलो तेव्हा शेजारच्या वाडीतल्या आजींनी काही न बोलता तांब्याभर पाणी पुढे केलं. मचूळ होतं. मागे केळीची पानं कडांनी करपलेली. सगळं माझ्या एका नोंदीमुळे झालं असं नाही, पण नकाशावर ‘बावखल’ हा शब्द असता तर हरकत घेताना गावाच्या हातात एक कागद असता.

म्हणून सांगतो, आराखड्यात पिवळा रंग, म्हणजे घरांसाठीची जमीन, भरण्याआधी पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठून खाडीला मिळतं हे पायी फिरून बघ. सातबाऱ्यावर ‘पड’ लिहिलेलं पुष्कळदा पाण्याचं घर असतं. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा दिवसचे दिवस पाण्यात होतं, मिठागरांतली माणसं अडकून पडली होती, ते आठव.

पण घर मागणाऱ्याला शत्रू समजू नकोस. विरार लोकलला पहाटे लोंबकळणारा माणूस हौसेने तिथे राहायला गेलेला नाही. मुंबईत त्याला परवडेल असं घर मिळालं नाही, एवढंच. त्याच्यासाठी स्टेशनजवळ, जिथे नळ, गटार, रस्ता आहे तिथे उंच बांधू दे, मोडकळीला आलेल्या इमारतींचा पुनर्विकास लवकर मार्गी लाव. वाडीच्या मधोमध मात्र नको. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि वसईकर रस्त्यावर उतरले, तेव्हा वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींकडे चाललं होतं. त्या लोकांचा राग घरांवर नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

शेतकऱ्याशीही खरं बोल. हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेतीसाठी राखलेल्या भागात, जमीन अडकली की शेजाऱ्याला कोट्यवधी मिळतात आणि याला भातपिकाचे चार पैसे. हा अन्याय आहे, त्याला नुसती पर्यावरणाची गोष्ट सांगून भागत नाही. पुण्यात हडपसरला मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी मिळून सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात वाटा घेतला. ती जमीनही शेतीचीच होती, ती गेलीच. पण मालक बेदखल झाला नाही. नगररचना योजनेतही सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने आखतात आणि जमीन देणाऱ्याला त्यातला एक भूखंड, ‘अंतिम भूखंड’, परत मिळतो. ही वाट अवघड, वेळखाऊ आहे, तरी लोकांपुढे मांड.

आणखी एक. आराखडा मंजूर झाला म्हणजे हिरवा पट्टा वाचला, असं धरून चालू नकोस. खरी झीज नंतर होते, 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातल्या कलम 37 खाली मंजूर आराखड्यात होणाऱ्या एकेका फेरबदलाने. प्रत्येक फाइल लहान दिसते. अशी फाइल आली की आधीचे सगळे फेरबदल एकाच नकाशावर काढून वरिष्ठांपुढे ठेव, आणि आपलं मत लेखी नोंदव. तोंडी बोललेलं उरत नाही.

मे महिन्यात जमलं तर ये. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, कुठलं पाणी टिकलंय ते लगेच कळतं. आजींची वाडी अजून आहे, तिथूनच सुरुवात करू. वही आण, आणि चालायला बऱ्या चपला घाल.

तुझा,
काका