फॅक्टॉइड म्हणजे छोटी माहिती नव्हे

'फॅक्टॉइड म्हणजे छोटीशी रंजक माहितीच ना? हा शब्द आला कुठून?' असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तो अर्थ मागाहून चिकटलेला आहे.

शब्द घडवला अमेरिकन लेखक नॉर्मन मेलर यांनी, 1973 साली, मेरिलिन मन्रोच्या चरित्रात. छापून येण्याआधी जिचं कुठे नावनिशाणच नव्हतं, अशी 'वस्तुस्थिती' त्यांना अभिप्रेत होती. 'ऑइड' हे शेपूट ग्रीक, म्हणजे 'च्या रूपाचं'. अ‍ॅस्टेरॉइड दुर्बिणीतून ताऱ्यासारखा दिसतो, तारा नसतो. फॅक्टॉइडचंही तसंच. यात 'छोटं' आलं कुठून? पुढे सीएनएन या अमेरिकन वृत्तवाहिनीने माहितीच्या तुकड्यांना हेच नाव देऊन पडद्यावर झळकवलं आणि घोळ पक्का झाला. छोट्या पण खऱ्या माहितीसाठी भाषेवर सदर लिहिणारे अमेरिकन पत्रकार विल्यम सफायर यांनी 'फॅक्टलेट' सुचवला होता. बुकलेटमधलाच तो 'लेट'. इतका सरळ शब्द हाताशी असताना लोक तो वापरत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

अस्सल नमुना पालकाचा. पालकात लोह भरपूर, ही समजूत दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडल्यामुळे दसपट फुगली, असं 1981 साली ब्रिटिश डॉक्टर टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. गोष्ट चटपटीत, मग जो तो तीच सांगत सुटला. 2010 मध्ये ब्रिटिश गुन्हेगारीशास्त्रज्ञ माइक सटन यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला, तेव्हा त्या दशांश चिन्हाच्या चुकीला कसलाच पुरावा सापडला नाही. म्हणजे गैरसमज खोडणारी गोष्टच फॅक्टॉइड निघाली! प्रत्यक्षात 100 ग्रॅम ताज्या पालकात लोह असतं साधारण 2.7 मिलिग्रॅम, आणि त्यातलंही शरीर थोडंच शोषून घेतं.

ओळखायचं कसं? संदर्भ मागे मागे नेत जा. सगळे एकमेकांचाच हवाला देत असतील आणि मूळ मोजमाप किंवा कागद कुठेच हाती लागत नसेल, तर संशय घ्या. चंद्रावरून चीनची भिंत दिसते म्हणतात ना? तिथे तर आकडेमोडच पुरते: 3,84,400 किलोमीटरवरून नुसत्या डोळ्याला ठळक दिसायला वस्तू शंभरेक किलोमीटर रुंद हवी. भिंत दहा मीटरसुद्धा नाही.

आता शब्दकोश दोन्ही अर्थ देतात, हे मान्य. म्हणून कुणी 'रंजक माहिती' या अर्थाने वापरला तर त्याला चूक म्हणता येणार नाही. पण स्वतः लिहिताना खऱ्या माहितीला फॅक्टॉइड म्हणू नका. अर्ध्या वाचकांना तुम्ही ती खोटी ठरवताय असं वाटेल.