विद्यापीठात नोकरी नसेल तर धर्माचा इतिहासकार होता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : प्राध्यापकी न करता कुणी धर्मेतिहासाचा अभ्यासक म्हणून उभा राहू शकतो का, आणि विद्वान मंडळी त्याला विचारतात का?

राहू शकतो. विचारतातही, पण फार उशिरा. मराठीत याचं उदाहरण समोरच आहे : रा. चिं. ढेरे.

1930 साली मावळातल्या निगडे गावी जन्म. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. पुण्यात आल्यावर शिक्षण रात्रशाळेत. विद्यापीठातली खुर्ची त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. ‘खंडोबा’ हे पुस्तक आलं 1961 मध्ये, म्हणजे लेखक तिशी ओलांडतोय तेव्हा. डॉक्टरेट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आपल्याकडे लोक उलट्या क्रमानं जातात : आधी पदवी, मग विषय शोधायला निघतात.

पण ढेऱ्यांचं खरं वेगळेपण त्यांच्या पद्धतीत आहे. पोथीत देवाबद्दल काय लिहिलंय ते सगळेच बघतात. ढेरे पोथी सोडत नाहीतच, पण देवाच्या आसपास कोण उभं आहे तेही बघतात. देवाची बायको वेगळ्या देवळात का? नैवेद्य कोण आणतं? गाणी कोण म्हणतं?

विठ्ठलाचंच घ्या. पंढरपूरची कथा सांगते की रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव इथं आला. तिकडे तिरुपतीच्या कथेतही लक्ष्मी रुसून निघून जाते, देव मागे येतो, आणि पद्मावतीचं देऊळ डोंगराखाली तिरुचानूरला वेगळंच. आता धनगरांकडे या. त्यांच्या ओव्यांत विठोबा-बिरोबा ही जोडी आहे आणि विठोबाची बायको आहे पदूबाई. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेव आजही एका जागी पुजले जातात, भंडाऱ्यानं सारा आसमंत पिवळा होतो. हे सगळं शेजारी मांडून ढेरे म्हणतात : हा मुळात गवळी-धनगरांचा देव, पुढे तो विष्णुरूप झाला. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ 1984 मध्ये आलं, 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला.

तो ग्रंथ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी थोडी चिडचिड झाली होती. घरात माळ घातलेली माणसं; आपल्या देवाचं गोत्र कुणी असं उकलत बसलेलं बरं वाटत नाही. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की एवढ्या खटाटोपात माणसाचा भाव कुठेही कमी झालेला नाही.

या कामात रोषही ओढवतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या विठ्ठलमूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरं कोरलेली आहेत आणि स्कंदपुराणातल्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीचं वर्णन तसंच आहे. अफजलखानाच्या स्वारीत पंढरपूरची मूर्ती माढ्याला हलवल्याची परंपराही आहे. यावरून ढेऱ्यांनी माढ्याची मूर्तीच विठ्ठलाची आद्य, म्हणजे मूळची मूर्ती ठरवली, आणि मोठं वादळ उठलं. त्यांचा हा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केलेला नाही. मलाही त्यातला शेवटचा सांधा जरा ओढून बसवल्यासारखा वाटतो. पण वाद घालायचा तर तुम्हालाही पुराण, मूर्ती आणि स्वारी तिन्ही घेऊन बसावं लागतं.

आता खुर्ची असलेला माणूस बघा. ग्युंटर सोन्थायमर हायडलबर्गचे प्राध्यापक, सुरुवात हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यापासून. तेही शेवटी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यामागे धनगरवाड्यांवर फिरत ओव्या ध्वनिमुद्रित करू लागले. एक पुण्याहून निघाला, एक जर्मनीहून, आणि दोघे पोचले त्याच मेंढरांच्या वाड्यावर.

फरक पडला तो भाषेचा. सोन्थायमर यांचं धनगरांच्या देवांवरचं जर्मन पुस्तक 1976 चं, इंग्रजीत आलं 1989 मध्ये. ढेऱ्यांचा विठ्ठल इंग्रजीत यायला 2011 उजाडलं, तोही अमेरिकी अभ्यासक ॲन फेल्डहाउस यांनी अनुवाद केला म्हणून. 27 वर्षं! तोवर पंढरपूरवर लिहिणाऱ्या ज्यांना मराठी येत नव्हतं, त्यांच्या लेखी हा ग्रंथ नव्हताच. नोकरी नसण्यापेक्षा मला ही अडचण मोठी वाटते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर विठ्ठलापासून करू नका, पसारा मोठा आहे. आधी 1978 चं ‘लज्जागौरी’ घ्या. डोक्याच्या जागी कमळ असलेली, पाय फाकवून उताणी पहुडलेली देवी. तिच्यापासून रेणुका-यल्लम्मापर्यंतचा धागा त्यात कसा काढलाय ते हातात पेन्सिल घेऊन वाचा. मग आपल्या गावच्या देवीच्या मागच्या बाजूला कुठला दगड शेंदूर लावून ठेवलाय, ते एकदा बघून या.