गॅस गिझर टिकटिक करतो पण पेटत नाही, पेटला तर विझतो. काय बघावं?

तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ आधी घेतो. गिझर नुसता टिकटिक करतो, पेटलाच तर पाच-सहा मिनिटांत विझतो, ज्योत पिवळी येते, मेकॅनिक म्हणतो जेटचं, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक तोटीचं, भोक मोठं करू. एवढं सगळं लिहून झाल्यावर जाता जाता तुम्ही म्हणता की फुलेवाडीत थंडी फार, म्हणून बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावलाय, आणि मिसेसना आंघोळ करून बाहेर आल्यावर दोनदा गरगरलं, पित्त असेल.

ते पित्त धरून बसू नका. पुठ्ठा आत्ता उठून काढा आणि गिझर नीट होईपर्यंत पाणी शेगडीवर तापवा. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. परत गरगरलं, डोकं दुखलं, मळमळलं तर आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि सरळ दवाखाना गाठा. बेशुद्ध पडलं तर १०८ ला फोन. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे आपणहून सांगा. घरातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात फसवतं, आकडा छान ९८ दाखवतं.

आमच्या आजीच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. खालून हवा घ्यायला जाळी, वर धुराडं, आणि ढलप्या ओल्या असल्या की डोळे चुरचुरायचे, म्हणजे दार आपोआप उघडलं जायचं. गॅस गिझर म्हणजे धुराडं नसलेला बंबच. फक्त याचा धूर दिसत नाही, म्हणून आपण बिनधास्त कडी लावून गाणं म्हणतो.

हिशेब करून बघा. मिनिटाला ६ लिटरचा गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस खातो. एक किलो गॅस जाळायला पंधरा किलोच्या वर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत झाली जवळपास ७० घनफूट. चार बाय पाचची, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे १६० घनफूट. खोलीतली निम्मी हवा एका आंघोळीत संपली, आणि ज्योत बिघडायला तेवढीही संपावी लागत नाही. मी उद्यमनगरात फौंड्रीत बरीच वर्षं काढली. तिथं जाळ बघूनच कळायचं भट्टीला हवा कमी पडतेय ते. इथंही तेच. निळी, ताठ ज्योत चांगली. पिवळी, लोळणारी म्हणजे हवा कमी किंवा बर्नर घाण.

बर्नरची घाण ही आपल्याकडं नेहमीची भानगड. जेटमधून गॅस जोरात सुटतो तेव्हा शेजारच्या फटीतून हवा ओढून घेतो. गिझर उन्हाळाभर बंद राहिला की त्या फटीत कोळी जाळं करतो, नाहीतर कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधते. मंगळवार पेठेत शेजाऱ्यांचा गिझर उघडला, तर एका नळीत करंगळीच्या पेराएवढा वाळलेला चिखल, आणि वर तांब्याच्या पट्ट्यांवर काजळीचा मऊ थर. दोन मेकॅनिक येऊन रेग्युलेटर बदलायला सांगून गेले होते. जुन्या टूथब्रशनं घासून, हवा मारून ज्योत निळी झाली. हे काम सिलिंडर बंद करूनच करायचं. आणि जेटमध्ये सुई, तार घालायची नाही. भोक मोठं झालं की गॅस जास्त आणि हवा तेवढीच. तुमचा मेकॅनिक नेमकं तेच करायला निघालाय, त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता पेटण्याचं. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा उचलतो, तो एक पिन ढकलतो, पिन मायक्रोस्विच दाबते, मग एकाच वेळी ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. टिकटिकच येत नसेल तर दोष पाण्याकडं नाहीतर बॅटरीकडं. तुमच्याकडं येतेय, म्हणजे पडदा उचलतोय. तरी पेटत नाही, तर सगळ्यात आधी दोन्ही मोठे सेल नवे घाला. उतरलेल्या सेलवर टिकटिक ऐकू येते, पण व्हॉल्व्ह उघडायला जोर उरत नाही. यातच निम्मे गिझर सुटतात आणि आम्ही हुशार ठरतो! सेल बदलून फरक नाही पडला तर सिलिंडर संपत आलाय का बघा. थंडीच्या पहाटे त्यातला दाब आणखी पडतो.

पेटून दोन-चार सेकंदांत विझत असता तर ज्योत ओळखणारी काडी काजळली असं म्हटलं असतं. पाच-सहा मिनिटांनी विझणं वेगळं. टायमर असेल तर तो बहुतेक २० मिनिटांचा असतो, म्हणजे तोही नव्हे. काही गिझरांना ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. बर्नर साफ झाल्यावर झरोका आणि दार सताड उघडं ठेवून, आत कुणी नसताना दहा मिनिटं चालवा आणि बाहेरून बघा. विझला नाही तर तो हवेवाचून विझत होता, आणि तसं असेल तर त्या सेन्सरनं तुमच्यावर उपकारच केलेत. तो 'बायपास' करून देतो म्हणणाऱ्याला उंबरा ओलांडू देऊ नका.

खरा इलाज म्हणजे गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या गॅलरीत टांगायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी. घरमालकाला सांगा, भिंतीला एक भोक पाडायचं काम आहे. पाऊस आडवा येतो त्या बाजूला तेवढा नको. नवीन जोडणी झाली की सांध्यांना साबणाचा फेस लावा, काडी ओढून बघू नका. गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर आहे, दिवसरात्र चालू.

आणि गिझर हलवताय तर थंड पाण्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा. पावसाळ्यानंतर तिथं वाळू बसलेली असते. त्याच वेळी रबरी पडदा बदलणार असाल तर स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकाच बाजूनं आवळले तर तिथून पाणी झिरपतं, ते थेट मायक्रोस्विचवर, आणि मग टिकटिकसुद्धा येत नाही.