सांगलीत घरगुती चटणी-हळदीचा व्यवसाय आहे, वेबसाइट आणि ऑनलाइन स्टोअर करायचंय, सुरुवात कुठून करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरची कांदा-लसूण चटणी आणि हळद पावडर ओळखीच्या दीडेकशे घरांत जाते, आता पुण्या-मुंबईवरून विचारणा येतीय, आणि एका वेबसाइटवाल्याने साठ हजार सांगितलेत, तर ते द्यावेत का. आमचा सांगलीतच हळद आणि बेदाण्याचा धंदा आहे, २०२० पासून स्वतःच्या साइटवर विकतोय, त्यामुळं जे कळलंय ते सविस्तर सांगतो.

साठ हजार आत्ता देऊ नका. रक्कम जास्त का कमी हे नंतर बघता येईल, पण तुम्हाला नक्की काय बनवून पाहिजे हे तुमच्याकडंच अजून कागदावर नाही, मग तो त्याच्याकडं तयार असेल ते देणार. आधी एक पार्सल पाठवा. पुण्यात बहीण, नणंद कुणी असेल तर तिला गिऱ्हाइकाला पाठवाल तसंच पॅक करून चटणी नि हळद कुरिअरनं पाठवा, आणि तिला म्हणावं व्हिडिओ कॉलवर उघड. निम्मा प्लॅन त्या एका पार्सलमधनं निघतो.

कसा ते सांगतो. आम्ही हळदीचं अर्ध्या किलोचं पाकीट ठेवलं होतं, कारण दुकानात तेच खपतं. पण कुरिअरचा दर बहुतेक ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं लागतो. माल ५०० ग्रॅम, वर पाऊच, बबल, खोका धरून काटा ५८० दाखवायचा, म्हणजे पैसे एक किलोचे. हे आम्हाला तीन महिन्यांनी बिलं पुढ्यात घेऊन बसल्यावर कळलं. मग २०० ग्रॅमच्या दोन पाकिटांचा जोड केला, तो खोक्यासकट ४८० मध्ये बसतो. खोका पण मोठा घेऊ नका, कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त आला तर तोच किलोत धरतात. २५ बाय २० बाय १५ चा खोका म्हणजे दीड किलो, आत बेदाणा किलोभरच का असेना. तुमच्या चटणीला तर तेल सुटतं, एप्रिल-मेच्या उन्हात ते सीलमधनं झिरपतं आणि शेजारची हळदीची पाकिटं, लेबलं सगळी माखतात, तेव्हा चटणीला दुहेरी पाऊच आणि तो खर्च किमतीत आधीच धरा.

हे झालं की दोन महिने नुसतं व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगवर विका. वहीत लिहीत जा, ऑर्डर कधी आली, काय विचारलं, पार्सल कधी निघालं, कधी पोचलं, परत आलं का. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात (तिखट किती, किती दिवस टिकते, तेल कुठलं) तीच तुमच्या साइटवरची माहिती. सुरुवातीला सहा-आठ वस्तूंच्या वर नको. फोटो सकाळी खिडकीजवळ पांढऱ्या कार्डशीटवर काढा, ट्यूबलाइटखाली हळद हिरवट दिसते आणि मग गिऱ्हाईक म्हणतं फोटोतली वेगळी, आलेली वेगळी.

आता एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डानं घ्या. वर्षाला हजाराच्या आसपास जातात. आमचं पहिलं नाव साइट बनवणाऱ्या मुलानं त्याच्या खात्यात घेतलं होतं, तो पुढं नोकरीला बाहेरगावी गेला, मुदत संपल्याचा मेल त्याला गेला, आम्हाला काहीच नाही, आणि नाव दुसऱ्यानं उचललं. दोन हजार पाऊच त्या नावानं छापून आले होते. आई, बायको नि मी आठवडाभर रात्री बसून एकेका पाऊचवर नव्या नावाचं स्टिकर लावत होतो. होस्टिंग (म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा), पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी कंपनी), अॅडमिनचा पासवर्ड, सगळं तुमच्याच नावावर पाहिजे, आणि शेवटचा हप्ता ते हातात आल्यावरच द्यायचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर पाकिटावर लागतोच. स्वतःच्या साइटवरून महाराष्ट्राबाहेर माल जाणार असेल तर उलाढाल कितीही कमी असू दे, जीएसटी नंबर लागतो, आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांच्या ठराविक दराच्या सोप्या जीएसटी योजनेत राहून राज्याबाहेर विकता येत नाही, हे आधी सीएशी बोलून घ्या म्हणजे बेंगलोरची ऑर्डर आल्यावर धावपळ नको. साइटवर नाव-पत्ता, फोन, तक्रार कुणाकडं करायची त्या माणसाचं नाव, परताव्याचे नियम ही पानं लागतात, गेटवेवाले खातं चालू करायच्या आधी ती बघतात. गेटवे साधारण २ टक्के घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५०० च्या ऑर्डरमागं ११ रुपये ८० पैसे. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवूच नका, दारात नको म्हणलं की जायचं-यायचं दोन्ही भाडं तुमच्या अंगावर, आणि चटणी परत येऊन विकता पण येत नाही.

मग त्या वेबसाइटवाल्याकडं जा, वही घेऊन. त्याला विचारा की वजनाप्रमाणं भाडं आपोआप लागेल का, एखादा माल संपला तर मी स्वतः मोबाइलवरनं बंद करू शकते का, मराठी अक्षरं साध्या फोनवर नीट दिसतील का, वर्षाला पुन्हा किती द्यावे लागतील. वूकॉमर्सवर करतो म्हणाला तर ते सॉफ्टवेअर फुकट असतं, पैसे होस्टिंगचे आणि त्याच्या कामाचे. शॉपिफायसारखं तयार दुकान घेतलं तर महिन्याचं भाडं चालूच राहतं, पण अपडेट-बिपडेटची कटकट तुमच्यामागं नाही. घरात कुणी कॉम्प्युटरवर बसणारं नसेल तर मी हे तयार दुकानच सुचवीन.

आणि सगळी ऑर्डर एका बटणात बंद करता आली पाहिजे, वर मोठ्या अक्षरात सूचना लावता आली पाहिजे, हे आपल्याकडं लागतंच. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा कुरिअर बंद, आम्ही गाळ्यातला माल वर चढवण्यात, आणि इकडं साइट ऑर्डरी घेतच होती. नंतर एकेकाला फोन करून पैसे परत केले. आता कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांकडं सरकायला लागलं की मी पहिलं ते बटण दाबतो, मग गाळ्यावर जातो.